काकीच्या पडवीतले तीन पंप

देवगड तालुक्यात समुद्रापासून तीनेकशे मीटरवर आमचं जुनं घर आहे. काका गेल्यापासून काकी तिथे एकटी राहते. परसात चाळीसेक पोफळी, बारा माड, हापूसची थोडी कलमं आणि या सगळ्याला पुरणारी चिऱ्यांनी बांधलेली विहीर. 2025च्या एप्रिलमध्ये, भर शिपण्याच्या दिवसांत, तिचा फोन आला.

"पंप परत गुरगुरता. फिरणा नाय. चार पंप झाले रे, पाचवो घेऊक माझ्याकडे पैसे नाय."

चार हा आकडा मला माहीत नव्हता. एक-दोन बदलले असतील एवढंच ठाऊक होतं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. दरवर्षी दहावीच्या वर्गात फळ्यावर मोटर काढतो, चुंबक, कुंडल, ब्रश, सगळं व्यवस्थित. पण खऱ्या पंपाचं झाकण मी तोपर्यंत कधी उघडलं नव्हतं, हे आधीच कबूल करून टाकतो. शिवाय पुस्तकातली मोटर डीसीवर चालणारी. विहिरीवरच्या मोटरीत ब्रशच नसतात, तेही मला त्या आठवड्यातच कळलं.

शनिवारी घरी पोचलो आणि आधी काकीकडून इतिहास लिहून घेतला. पहिला पंप काकांनी 2008 साली घेतलेला, एक एचपीचा मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकाच अंगात. तो फेब्रुवारी 2022मध्ये जळला. दुसरा लगेच त्याच महिन्यात आला आणि मे 2023मध्ये गेला. तिसरा त्याच मे महिन्यात घेतला, तो ऑक्टोबर 2024मध्ये पाऊस संपल्यावर चालूच झाला नाही. चौथा तेव्हा घेतलेला, आणि आता सहा महिन्यांत तोही गुरगुरायला लागला होता. आधीचे तिन्ही पंप पडवीत गोणपाटाखाली होते. भंगारवाल्याला देऊ म्हणत म्हणत राहून गेलेले.

"तुझ्या काकांनी घेतललो पंप चौदा वर्सां चललो," काकी म्हणाली. "आताचे मेले वरीसभर पण टिकनत नाय."

हेच वाडीतल्या प्रत्येकाचं मत होतं, आणि माझंही. हल्लीचा माल हलका, बस. हे मत इतकं सोयीचं आहे की त्यापुढे कोणी काही विचारतच नाही.

माझी पहिली चूक

मी सुरुवात केली ती मला येणाऱ्या धड्यापासून. पंप पाणी खेचतो म्हणजे खरं तर हवेचा दाब पाणी वर ढकलतो, आणि हा दाब पाण्याला फार तर 10.3 मीटर चढवू शकतो. प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे पंप धापा टाकायला लागतो. आपल्याकडे तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जांभ्याच्या चाळणीतून तो कधीच समुद्राला मिळतो आणि एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात. म्हणजे पाणी खाली गेलं असणार, पंपाला झेपत नसणार. मी दोरीला दगड बांधून पाणी मोजलं. साडेपाच मीटर. हे बसेना. मग फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) गळत असेल, पाइपात हवा धरत असेल म्हणून अर्धा रविवार पाइप वर काढून फूट व्हॉल्व्ह घासण्यात घालवला. फूट व्हॉल्व्ह ठणठणीत होता.

संध्याकाळी वाडीतले भाऊ आले. भाऊ निवृत्त वायरमन आहेत, सत्तरीच्या पुढचे. ओल्या पायांनी, हातात फूट व्हॉल्व्ह घेऊन उभा असलेला मी बघून ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पंप फिरणाच नाय, तर पाणी खंयसून चढतला?"

गुरगुरणं आणि न फिरणं ही विजेच्या बाजूची किंवा अडकलेल्या दांड्याची तक्रार आहे. पाण्याचा तिच्याशी काही संबंध नव्हता. मला जो धडा येत होता त्यात मी रोगी बसवत होतो.

"आधी ऐक, मगे हात लाव," भाऊंनी सांगितलं, आणि पुढचे दोन दिवस तेच शिकवलं. मोटर मुकी असेल तर वीज पोचत नाही. गुरगुरते पण फिरत नाही तर एक तर दांडा अडकला आहे, नाही तर सुरुवातीचा धक्का मिळत नाही. फिरते पण खरखरते तर बेअरिंग. फिरते, गोड वाजते आणि पाणी नाही, तेव्हा फूट व्हॉल्व्हकडे जा.

गोणपाटाखाली

चौथा पंप तसाच ठेवून भाऊंनी आधी पडवीतले तीन खळ्यात आणायला लावले. "मेल्यांका आधी विचारूया," म्हणाले.

काकांचा पंप खरोखरच मेलेला होता. टर्मिनलचं झाकण काढल्याबरोबर जळक्या वार्निशचा वास आला, तीन वर्षांनंतरही. मल्टिमीटरची एक पिन वाइंडिंगच्या टोकाला आणि दुसरी लोखंडी अंगाला लावली, तर मीटर वाजला. म्हणजे आतल्या तारेचं आवरण जळून तार अंगाला टेकलेली. वाइंडिंग पुन्हा भरता येतं, पण त्या पंपाचं बेअरिंगही गेलं होतं आणि अंग गंजून पापुद्रे सुटत होते. त्याच्यावर खर्च करण्यात अर्थ नव्हता. दुरुस्तीचा कैवार घेणाऱ्यांनी हेही म्हणायला शिकलं पाहिजे.

दुसरा पंप. दांडा हाताने अलगद फिरत होता. वाइंडिंगची तिन्ही टोकं एकमेकांशी जुळत होती, अंगाशी कोणीही टेकत नव्हतं. राहिला कपॅसिटर, बाजूच्या डब्यातला तो पांढरा प्लास्टिकचा नळकांडा. एका फेजवर चालणाऱ्या मोटरीत चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी मागे-पुढे होतं, गोल फिरत नाही, त्यामुळे रोटरला, म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागाला, कुठल्या बाजूला जायचं तेच कळत नाही. म्हणून आत दुसरं वाइंडिंग असतं आणि कपॅसिटर त्यातल्या करंटला पहिल्याच्या थोडं पुढे काढतो. त्या पुढे-मागे होण्यातून क्षेत्र फिरायला लागतं आणि रोटर त्याच्या मागे धावतो. कपॅसिटर थकला की धक्का जातो, उरते ती गुरगुर. त्याच्या अंगावर 25 मायक्रोफॅरड, 440 व्होल्ट असं छापलं होतं. मीटरने दाखवले 8.

हे कपॅसिटर एकदम मरत नाहीत, झिजत जातात. आतल्या प्लास्टिकच्या पातळ फितीवर धातूचा मुलामा असतो. कुठे भोक पडलं की तिथला मुलामा जळून जातो आणि बिघाड तिथल्या तिथे मिटतो, पण दर वेळी थोडी ताकद कमी होते. उष्णतेने हे लवकर होतं. घरातला पंखा वर्षागणिक मंद होत जातो त्याचं कारण बरेचदा हेच, तिथे नळकांडा अडीच मायक्रोफॅरडच्या आसपासचा असतो एवढाच फरक. (काकीच्या माजघरातला पंखा "म्हातारो झालो" होता, तो आम्ही जाता जाता तरुण केला.)

भाऊंनी खिशातून नवीन कपॅसिटर काढला. दोनशे रुपयांच्या आतली वस्तू. जोडला, बटण दाबलं, आणि दोन वर्षं गोणपाटाखाली पडलेला पंप खळ्यात फिरायला लागला. काकी पडवीच्या पायरीवर बसली होती. ती खूश होईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मगे माका नवो कित्याक घेऊक लायलो?"

तिसऱ्याची गोष्ट आणखी साधी. तो जून ते ऑक्टोबर बंद होता. पावसात शिपायला कोण जातो? चार महिने खारी, दमट हवा, आत थोडं उरलेलं पाणी, आणि बिडाचा इम्पेलर (पाणी फेकणारं आतलं चाक) बिडाच्याच कवचाला गंजाने चिकटला. अशा पंपांच्या दांड्याच्या मागच्या टोकाला, पंख्याच्या बाजूला, बहुधा एक खाच असते. मी ती कधी पाहिली नव्हती. भाऊंनी जाळीच्या मधल्या भोकातून रुंद पात्याचा स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि माझ्या हातात दिला. जोर लावला, काही नाही. केरोसीन सोडलं, चहा घेतला, परत जोर लावला. तिसऱ्या वेळी आत कुठेतरी "कट्" असा बारीक आवाज झाला आणि पातं अर्धं बोट सरकलं. मग उलट, मग सुलट, गंजाची तांबडी पूड पंपाच्या तोंडातून बाहेर पडायला लागली, आणि दांडा मोकळा झाला. नंतर कवच उघडून साफ केलं, त्यात एक बोल्ट तुटला तो बदलला. पंप चालतो.

म्हणजे तीन मेलेल्यांपैकी एकच मेलेला होता.

पण कशाने?

इथे थांबलो असतो तर ही गोष्ट कपॅसिटर बदलण्याची झाली असती. पण चौथा पंप अजून विहिरीवर गुरगुरत होता. त्याचा दांडा मोकळा होता. कपॅसिटर 21 भरला, थोडा उतरलेला, पण न फिरण्याइतका नाही. शिवाय तो कधी चालू व्हायचा, कधी नाही. पहाटे चालायचा, संध्याकाळी हटून बसायचा.

भाऊंकडे काट्याचा जुना व्होल्टमीटर आहे. आकड्यांच्या मीटरपेक्षा तो त्यांना आवडतो, कारण काटा कसा पडतो ते दिसतं. त्यांनी तो पंपाच्या टर्मिनलला लावला आणि मला बटण दाबायला सांगितलं. काटा 210च्या आसपास होता. बटण दाबल्याबरोबर तो 150च्या खाली कोसळला आणि तिथेच थरथरत राहिला. मी घाबरून बंद केलं. दुसऱ्या खेपेला पंप कसाबसा सुटला आणि चालू पंपावर काटा 186वर स्थिरावला. त्याच वेळी घरात मीटरबोर्डावर मोजलं, तर 212.

आता हे 26 व्होल्ट घर आणि विहीर यांच्यामध्ये कुठेतरी सांडत होते.

मोटरीचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. 230च्या जागी 150 मिळाले तर जोर दोन तृतीयांश राहात नाही, 42 टक्क्यांवर येतो. आणि सुटली तरी कमी व्होल्टेजवर तेवढंच पाणी उपसायला मोटर जास्त करंट ओढते. पाटीवर 6 अँपिअर होते, आम्हाला 7 मिळाले. करंटच्या वर्गाने वाइंडिंग तापतं, आणि वाइंडिंगच्या आवरणाबद्दलचा जुना ठोकताळा असा की दर 10 अंश वाढीला त्याचं आयुष्य निम्मं होतं. न फिरता नुसती गुरगुरणारी मोटर तर नेहमीच्या कित्येक पट करंट खाते. काकी बटण दाबून "सुटता काय बघत" उभी राहायची, तेव्हा ती मोटर भाजत होती.

सांडलेल्या व्होल्टचा हिशोब मात्र मी फळ्यावर करतो तसा झाला. साठ मीटर तार, जाऊन-येऊन 120. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण 12 ओहम, म्हणजे आपल्या तारेचा दीडच्या जवळ. सात अँपिअरला दहा व्होल्ट. तार बारीक आहे हे खरं, पण 26मधले 16 उरतातच. सोळा गुणिले सात म्हणजे 112 वॉट. शंभरच्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढी उष्णता वाटेत कुठेतरी बाहेर पडत होती.

ती कुठे ते सापडायला वेळ लागला नाही. वाटेतल्या दुसऱ्या माडाजवळ काळ्या टेपने गुंडाळलेले दोन सांधे होते. टेप वितळून तुपासारखी ओघळलेली. पंप थांबवून, मेन काढून, टेप सोलली. आत तांब्याच्या तारेभोवती ॲल्युमिनियमची तार पिळलेली, आणि मध्ये पांढऱ्या-हिरव्या भुकटीशिवाय फारसं काही उरलेलं नव्हतं. ॲल्युमिनियमवर मुळातच ऑक्साइडचा थर असतो, तो वीज नीट जाऊ देत नाही. त्यात तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकवून वर खारट ओल दिली की बॅटरीच तयार होते, आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. तापल्यावर ॲल्युमिनियम जास्त फुगतं, निवल्यावर पीळ सैल पडतो. समुद्राकाठी असा सांधा म्हणजे सावकाश पेटलेली वात.

"ह्यो सांधो कोणी मारल्यान?" भाऊंनी विचारलं.

मीच मारला होता. 16 मे 2021ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा एक माड या तारेवर पडला. वाडीत आठवडाभर वीज नव्हती. ती आली तेव्हा एकही वायरमन मोकळा नव्हता, भाऊ मुलीकडे मुंबईला होते, आणि काकीला पाणी हवं होतं. घरात ॲल्युमिनियमच्या तारेचा तुकडा होता. तुटलेल्या भागात तो घातला, पीळ मारला, टेप मारली, आणि मोठं काम केल्यासारखा चाकरमान्यांच्या गाडीत बसून निघून गेलो. पुढच्या फेब्रुवारीत काकांचा पंप जळला. चौदा वर्षांचा पंप होता, तो तसाही जाणार होता की माझ्या सांध्याने घालवला, हे आता कोणी सांगू शकत नाही. पण त्या नऊ महिन्यांच्या आधीची तेरा वर्षं तो कुरकुरला नव्हता, एवढं खरं.

"पंप तीन वेळा बदललास," भाऊ म्हणाले. "तार एकदा तरी कोणी बघल्यान?"

कोणी का बघितली नाही

तालुक्याच्या गावातून येणाऱ्या मेकॅनिकवर आधी माझा राग होता. कपॅसिटर गेलेला पंप "मोटर गेली" म्हणून बदलायला लावणं म्हणजे काय? नंतर त्याच्या बाजूने विचार केला. मे महिना, दिवसाला दहा ठिकाणचे फोन, प्रत्येक घरी माड सुकतायत. दुरुस्त केलेला पंप आठ दिवसांत परत बसला तर शिव्या त्याला. नवीन बसवला आणि तो बसला तर जबाबदारी वॉरंटीची. साठ मीटर तार हातात धरून सांधे तपासायचे कोणी पैसे देत नाही, आणि काकीनेही दिले नसते. नवीन पंप ही त्या दुपारपुरती सगळ्यांच्या सोयीची गोष्ट होती. मीही त्यात होतोच. दोन वेळा पैसे मीच पाठवले आणि काय बिघडलं ते विचारलं नाही.

दुरुस्तीच्या हक्काबद्दल केंद्र सरकारने जुलै 2022मध्ये समिती नेमली, 24 डिसेंबर 2022ला त्याचं पोर्टल सुरू झालं. त्यातल्या शेती उपकरणांच्या गटात पाण्याच्या पंपाच्या मोटरीही धरल्या आहेत. सुटे भाग आणि माहिती मिळायलाच हवी. पण आमच्या प्रकरणात सुटा भाग कधीच अडला नाही. कपॅसिटर तालुक्याला कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात टांगलेला असतो.

खर्चाचं खरं सांगतो. चार चौरस मिलिमीटरची तीन कोअरची तांब्याची केबल, एकसंध, मध्ये एकही सांधा नाही, वादळात माड पडला तरी तुटू नये म्हणून पाइपातून जमिनीखालून. नवीन अर्थिंग. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच. दोन छोटे डिजिटल व्होल्टमीटर, एक घरात, एक पंपाजवळ. हे सगळं नवीन पंपापेक्षा महाग पडलं. काकीने हिशोब ऐकून कपाळाला हात लावला.

आरसीसीबीबद्दल मात्र मी वाद घालू दिला नाही. काकी गेली कित्येक वर्षं पंपाचं बटण वाळक्या काठीने बंद करायची. का, तर "हात लावलो की झिणझिण्या येतत." ओल्या जमिनीवर, अनवाणी. वाडीत आणखी दोन घरांत बायका असंच करतात हे त्यानंतर कळलं. झिणझिण्या म्हणजे पंपाच्या अंगात वीज उतरली आहे आणि अर्थिंग मेलेलं आहे. तिथे काठी शोधायची नसते. मेन बंद करायचा आणि वायरमन बोलवायचा. आणि कपॅसिटर उघडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, वीज बंद केल्यावरही त्यात साठलेली असते. भाऊ आधी त्याच्या दोन टोकांना होल्डरमधला बल्ब टेकवून तो रिकामा करतात, मग हात लावतात.

केबल बदलल्यावर चालू पंपावर मीटरबोर्डाला 212 आणि पंपाला 208. बटण दाबताना काटा 190च्या आसपास जाऊन परत वर येतो. संध्याकाळी सगळी वाडी एकदम शिपते तेव्हा 212 मिळतात आणि पहाटे पाचला 225च्या वर, म्हणून काकीने शिपण्याची वेळ बदलली. चौथ्या पंपाला नवीन कपॅसिटर घातला, तो विहिरीवर आहे. दुसरा तेल लावून, कोरडा करून जोडीला ठेवलाय. तिसरा शेजारच्यांनी नेला. काकांचा पंप भंगारात द्यायला काकीने नाही म्हटलं, तो अजून पडवीत आहे.

पावसानंतर, दिवाळीच्या आधी, काकीने जाळीतून स्क्रू-ड्रायव्हर घालून दांडा स्वतः फिरवून बघितला आणि मगच बटण दाबलं. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या हिशोबाशेजारी ती आता दोन आकडे लिहिते, घरचा आणि पंपाकडचा. डिसेंबरात एका सकाळी तिचा फोन आला.

"घराकडे दोनशे धा, पंपाकडे एकशे अठ्ठ्याण्णव. फरक चाराचो होतो, बारा झालो."

मी म्हटलं, रविवारी येतो.

"येव नको. मेन काढून डबो उघडून बघलंय. नटाक हिरवा धरला हा. भाऊक सांगून घासून घेतंय."